लिंगव्वाच्या मानेवरची गाठ

अक्का,

काल दुपारी अव्वानं मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर न देता उठून गेले. चुलीवर दूध आहे म्हणाले. दूध नव्हतं. ते तिलाही माहीत होतं, कारण चूल तिनंच विझवली होती.

आज ती मठात गेली आहे. आली की पुन्हा विचारील. तोवर मला काय सांगायचं ते ठरवायचं आहे, आणि या घरात असं काही ठरवायचं झालं की मी तुझ्याकडं यायची. तुला मातीत बसवून आलो त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, तरी अजून पाय परसातल्या तुझ्या वेलांकडंच वळतात. मग कुणाला विचारू? कागद पुढं घेतलाय, एवढंच.

झालं असं. धनगर गल्लीतली सुंदरा तिचं महिन्याचं लेकरू घेऊन आली होती. डॉक्टरीणबाई गावात आल्यात असं जळकोटभर झालंय ना! माझ्या नेमणुकीचा अजून पत्ता नाही, दिवस हे असले, सडकेवरनं रोज रझाकारांच्या मोटारी जातात. पण लोकांना काय, घरची डॉक्टरीण मिळाली. सुंदरा म्हणाली, लेकरू डोकं उजव्या खांद्याकडंच टाकतं आणि हनुवटी डावीकडं फिरवतं. मी त्याला अंगणात बाजेवर निजवलं, मानेवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. कानामागून गळ्याच्या हाडाकडं जो स्नायू उतरतो, त्याच्या मधोमध बोराएवढी टणक गाठ.

सुंदराला सांगितलं, घाबरू नकोस. हनुवटी हळूच गाठीच्या बाजूला वळवायची, मग डोकं दुसऱ्या खांद्याकडं झुकवायचं. दर वेळी पाजायच्या आधी. वर्षभरात बरं होईल.

अव्वा ओट्यावर डाळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून आली आणि तिनं स्वतःचं बोट त्या गाठीवर ठेवलं. बराच वेळ काढलंच नाही. सुंदरा गेल्यावर म्हणाली, "नीला, अशीच गाठ आपल्या अक्काला हुती. मग ती का न्हाय बरी झाली?"

काय सांगू, अक्का?

तुझ्या त्या गाठीची गोष्ट अव्वानं आपल्याला किती वेळा सांगितली असेल! पहिली खेप, त्यात मुलगी, म्हणून सासरी खाली मान घालून वावरणारी कोवळी पोर होती ती. तू काही आठवड्यांची झालीस आणि तुझ्या मानेवर तिच्या हाताला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. आपल्या लिंगायतांत बाळाला जन्मल्यावर लगेच इष्टलिंग बांधतात. तुझंही पाळण्याला बांधलेलं होतं. आणि हे तर अंगातच उगवलेलं! अव्वाला वाटलं, शिवानं आपली बाजू घेतली. गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. आज्जीसुद्धा पाळण्यापाशी हात जोडून उभी राहिली. तुझं ठरलेलं नाव मागं पडलं आणि तू लिंगव्वा झालीस.

न्हाऊ घालायला येणारी कासाबाई म्हणाली, "द्या हिकडं, तेल लावून चोळते, जिरून जाईल." अव्वानं तिचं मनगट धरलं. "देवाला कुणी चोळतंय व्हय?" त्यानंतर मानेच्या त्या बाजूला कुणाचा हात लागला नाही. फक्त अव्वाचा, आंघोळीनंतर विभूती लावायला.

काही महिन्यांत गाठ दिसेनाशी झाली. देव आत गेला, असं सगळे म्हणाले.

मला समजतं तेव्हापासून तुझं डोकं उजव्या खांद्याकडं कललेलं. खांद्यावर बसून कुणीतरी तुला गुपित सांगतंय आणि तू ऐकतेस, असं मला लहानपणी वाटायचं. उजवा गाल लहान, उजवा डोळा जरासा खाली. डोळ्यांमधून एक रेघ काढली आणि ओठांमधून दुसरी, तर त्या उजवीकडं कुठंतरी जाऊन भेटतील अशा. वर्षागणिक ते वाढत गेलं. मग आज्जीनं कारण शोधलं: तू पोटात असताना अव्वानं ग्रहणात सुपारी कातरली. आपल्यात ग्रहण पाळायचं नसतं असं मठातले अय्या सांगून थकले, पण आज्जी ऐकते थोडीच! आणि अव्वानं ते कबूल केलं. सुपारी कातरली होती हे खरंच होतं. तेव्हापासून दर ग्रहणाला ती उपाशी, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून भिंतीशी बसते. आज्जी गेली, तरी बसतेच.

आणि उपाय तरी काय काय! गालावर एरंडाची पानं, जबड्याला फडकं, डोक्याखाली राळ्याची उशी. चेहरा वाकडा म्हणून चेहऱ्यालाच शिक्षा. मानेकडं कुणी बघितलं नाही. मान देवाची होती.

आप्पा दर आठवड्याला दुकानाचा माल आणायला सोलापूरला जायचे. निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या जकातनाक्यावर, शिपाई प्रत्येक गाठोडं सोडून बघायचा, यातून काय नेताय, त्यातून काय आणताय. तिथं सोलापुरात मोठं इस्पितळ होतं. त्या गाडीत मीठ बसलं, कापड बसलं, घासलेटचे डबे बसले. तू एकदा तरी का नाही बसलीस? तुला कुणी विचारलं नाही, आणि तूही कधी म्हणाली नाहीस. हा माझा तुझ्यावरचा राग अजून आहे.

तुला बघायला पाहुणे यायचे तेव्हा काका तुला दाराच्या कोणत्या बाजूला बसवायचं ते आधी ठरवायचा, डावा गाल उजेडात यावा म्हणून. अक्कलकोटकडच्या त्या बाई आठवतात? त्यांनी निरखून निरखून शेवटी म्हटलं, "पोरी, मान सरळ करून बस की जरा." आणि तू म्हणालीस, "मी सरळच बसलेय मावशी. तुमचीच बैठक कलली असंल." काकानं कपाळाला हात लावला. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. पाहुणे चहा न पिता गेले. तू आत येऊन त्यांच्यासाठी केलेला शिरा मला वाढलास आणि स्वतः खाल्ला नाहीस. तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. आता दिसतं.

मला शिकायला हैदराबादला धाडायचं की नाही यावर घरात महिनाभर वाद चालला, तेव्हा आप्पांपुढं उभी राहिलीस तू. "आप्पा, माझं लगीन तुम्हाला जमलं न्हाय. हिचं शिक्षण तरी जमवा." या घरातली पहिली पदवी अशी तुझ्या मोडलेल्या लग्नांवर उभी आहे.

हैदराबादला पहिल्या वर्षी हाडं शिकवायचे, सगळं उर्दूतून. एक दिवस प्रोफेसरसाहेबांनी कपाटातून एक कवटी काढून टेबलावर ठेवली. उजवं गालाचं हाड लहान. डोळ्याची उजवी खोबण खाली उतरलेली. जबडा एका बाजूला आखूड. मागून बघितलं तर डोकं डावीकडं चपटं. बाकीच्या मुली कुजबुजायला लागल्या. मी ती उचलून हातात घेतली. अक्का, ती तू होतीस! कातडी नाही, डोळे नाहीत, केस नाहीत, तरी तोच चेहरा. तोवर मला वाटायचं की वाकडेपण वरवरचं असतं, गालात, ओठात. ते हाडापर्यंत गेलेलं असतं हे मी त्या दिवशी हातात धरून बघितलं.

मी विचारलं, हा माणूस असाच जन्मला होता का? ते म्हणाले, "नहीं बेटी. हड्डी ज़िद्दी नहीं होती, फ़रमाँबरदार होती है. जिधर खींचो, उधर बढ़ती है." हाड हट्टी नसतं, हुकूम पाळतं. जिकडं ओढाल तिकडं वाढतं.

तान्ह्या बाळाची कवटी म्हणजे एक अखंड हाड नसतं. पातळ पातळ तुकडे, त्यांच्यामध्ये शिवणी, टाळूवर मोकळी जागा. आत मेंदू वाढतो आणि कवटीला सगळीकडून मोठं करत जातो. पण मानेचा एका बाजूचा स्नायू आखडून राहिला, तर डोकं सदा तिकडंच ओढलेलं राहतं. चेहऱ्याची ती बाजू मागं पडते, आणि वाढणारी हाडं त्या ओढीला धरून आपापली जागा घेतात. लहानपणीच स्नायू सैल केला तर चेहरा वाढता वाढता पुष्कळसा सावरतो. मोठेपणी मान सोडवता येते. कवटी नाही. शिवणी सांधलेल्या असतात, हाड पक्कं झालेलं असतं, आता ते कुणाचंच ऐकत नाही.

आणि सुरुवातीला दिसतं काय? काही आठवड्यांच्या बाळाच्या मानेवर एक टणक गाठ. काही महिन्यांत ती आपोआप जाते, आणि तिच्या जागी आखडलेला दोर राहतो.

तास संपला, मुली गेल्या, मी तिथंच बसून राहिले. मला आनंद झाला होता हे तुला खरं वाटेल का? ग्रहणाचा काही संबंध नव्हता! अव्वा सुटली, असं मला वाटलं. गाठीचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. तो तुझ्या डोक्यात आला.

सुट्टीत आले ती थेट परसात. तू पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना दगड बांधत होतीस. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. तू हसलीस. "मग माझ्या मानंलाबी येक दगुड बांधायचा हुता की तवाच."

"बांधायचा नव्हता, पण हातानं रोज वळवली असती तर जमलं असतं, अक्का. खरंच."

"कवा?"

"गाठ होती तेव्हा."

तुझ्या हातातली दोरी तशीच राहिली. मग तू मागं वळून स्वयंपाकघराकडं बघितलंस. आत अव्वा भाकरी थापत होती, आवाज येत होता.

"हे तिला सांगू नगंस," तू म्हणालीस.

"का? ग्रहण ग्रहण करत तिनं सगळा जन्म घालवला. खोट्या गोष्टीपायी!"

"खोटी हाय म्हणून तर पेलतीया. गिराण आभाळातलं असतंय, त्याला कोण काय करणार? पण कासाबाईचा हात तिनं सोत्ताच्या हातानं बाजूला केला. त्याच हातानं तिला रोज भाकरी थापायची हाय."

मी किती चिडले तुझ्यावर! ज्ञान काय लपवायला असतं का, म्हणाले. मी डॉक्टर होऊन येईन तेव्हा चावडीत उभी राहून गावाला सांगेन, म्हणाले. तू शांतपणे दोरीची गाठ मारलीस. "सांग की गावाला. तिला तेवढं सोड." मी शब्द दिला नाही. पाय आपटत आत गेले.

आता एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी तुलाही पहिल्यांदाच कळलं होतं ना, की तुझा चेहरा, तुझं लग्न, तुझं सगळं आयुष्य एका तळहाताच्या अंतरावर होतं? मग स्वतःसाठी एक शब्द तरी बोलायचास! मला शिव्या द्यायच्यास. रडायचंस. तू थेट अव्वाचाच विचार केलास. इतकं चांगलं असू नये गं माणसानं. मागं राहणाऱ्यांना ते झेपत नाही.

तापानं तू गेलीस तेव्हा माझी शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. मोटारीतून उतरून आले तर तुला ओसरीत बसवलेलं, कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचे हार, समोर भजन. आपल्यात माणसाला बसवून नेतात. काका म्हणत होता, "शिवापुढं जायचंय पोरीला, मान तेवढी सरळ करा रे." दोघांनी तुझं डोकं धरून सरळ केलं, कपाळाला फडकं गुंडाळून मागच्या खुंटीला बांधलं. आणि काय झालं! मान सरळ झाली तसा चेहरा आणखीच वाकडा दिसायला लागला. डोळा आणखी खाली, तोंड आणखी तिरकं. तू जन्मभर जिला कलतं धरून सांभाळलं होतंस, ती तुझी सगळी घडण उघडी पडली. बायका नजर चुकवायला लागल्या. का तसं होतंय ते त्या ओसरीत एकट्या मला माहीत होतं.

अव्वा उठली. तिनं कुणाला विचारलं नाही. खुंटीचं फडकं सोडलं. तुझं डोकं हळूच उजव्या खांद्यावर उतरलं. "आता माझी लेक दिसली," ती म्हणाली.

इथवर लिहिलं आणि अव्वा आली.

आता पुन्हा बसलेय. तिन्हीसांज व्हायला आलीय. झालं ते सांगते.

मी उठायला लागले तशी म्हणाली, "बस. आज कायबी उतू चाललं न्हाय." माझ्यासमोर पाय पसरून बसली. मठातून चालत आली होती, गुडघे चोळत होती.

"सुंदराचं लेकरू बरं हुईल?"

"होईल, अव्वा."

"नुसती मान वळवून?"

"बहुतेक वेळा होतं. नाही झालं तर सोलापूरला नेऊन तो स्नायू थोडा कापावा लागतो." सोलापूरला आता कसं नेणार, सडकेवर काय चाललंय, हे मी बोलले नाही. तीही बोलली नाही.

"आणि अक्काची?"

अक्का, मी पुष्कळ ठरवलं होतं. पदवी घेतली त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं की आपल्या घरात आता अंधाराला जागा नाही. कुणी काही विचारलं तर जे खरं आहे तेच सांगायचं, कितीही कडू असो. सत्यानं कुणाचं वाईट होत नाही, असं मी वसतिगृहात मैत्रिणींना ऐकवायची. समोर अव्वा बसली होती. तिचे हात गुडघ्यांवर होते. भाकरीच्या चटक्यांनी काळवंडलेली बोटं.

"अक्काची गाठ वेगळी होती," मी म्हणाले.

"हाताला तर तशीच लागली."

"वरून तशीच लागते. तिची हाडातली होती. पोटात असल्यापासूनची. चोळून, वळवून काही झालं नसतं."

"कासाबाईनं चोळली असती तरी?"

"तरी नाही."

"तू तपासलंस? पुस्तकात हाय तसं?"

"आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर हलवली नाही. रोग्याशी बोलताना नजर हलवायची नसते असं आम्हाला शिकवलंय, ते असं कामाला आलं.

"म्हंजे गिराणच म्हण की," ती म्हणाली.

"व्हय, अव्वा. ग्रहणच."

माझ्याच तोंडून. आप्पांनी इतकी वर्षं हैदराबादला ठेवून शिकवलेल्या पोरीच्या तोंडून.

तिनं पसरलेले पाय जवळ घेतले. मग सरकून माझ्याजवळ आली. "सुंदराला येकटीला जमायचं न्हाय. सकाळधरनं मेंढरामागं असती, सासू आंधळी. मी जाईन रोज. मला नीट दाखव, कुठल्या बाजूला वळवायची."

मी नाही कसं म्हणणार? तिचे दोन्ही हात धरून माझ्या स्वतःच्या मानेवर ठेवले. हनुवटी अशी उजवीकडं. मग कान असा डाव्या खांद्याकडं. हळू. झटका द्यायचा नाही. लेकरू रडलं तर थांबायचं, मग पुन्हा. अव्वा दोन खेपांत शिकली. इतके हलके हात आहेत तिचे, अक्का. तुझ्या मानेला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं.

आता ती रोज जाईल. रोज तिच्या बोटांखाली ती गाठ थोडी मऊ होईल. एक दिवस लेकरू आपणहून तिच्याकडं सरळ मान करून बघेल आणि हसेल. सुंदरा तिच्या पाया पडेल. आणि घरी येईपर्यंत वाटेत अव्वाला काय वाटत असेल? मी तिला सांगितलं ते एक, आणि तिची बोटं तिला रोज सांगणार ते दुसरं. लेकरू बरं झालं नाही तर सुंदराचं नुकसान, झालं तर अव्वाचं. यातून सुटायची वाट मी फार शोधली. शरीराचं एवढं शिकले, त्यात याचं काही नव्हतं.

तिला माझं खरं वाटलं की नाही ते मला कळलं नाही. कदाचित तिनंच मला सांभाळून घेतलं असेल. तू गेल्यावर आता घरात हे काम तीच करते.

त्या दिवशी परसात तू मागितलास आणि मी दिला नाही, तो शब्द आज देते. अव्वा पुन्हा विचारील. लेकराची मान सरळ होत जाईल तशी जास्तच विचारील. प्रत्येक वेळी मी तिच्या डोळ्यांत बघून हेच सांगेन, की अक्काची गाठ वेगळी होती. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला खरं सांगेन, तिच्या बाळाच्या मानेवरून माझं बोट फिरेल, देव म्हणाले तरी फिरेल. फक्त आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत, अव्वा आहे तोवर, मी खोटं बोलेन. तिला ते खोटं कळलं, तरीसुद्धा बोलेन.

तुझी,
नीला